प्रतिध्वनी आणि जाळं: समुद्रातल्या माशांची मोजदाद कशी करावी

पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणाऱ्या एकोसाउंडरच्या पडद्यावर साठ मीटर खोलीला एक जाड लाल पट्टा दिसतोय. अर्धा सागरी मैल झाला तरी संपत नाही. जहाजावर नवीन आलेला माणूस लगेच म्हणतो, "मासळी लागली!" असेलही. पण तोच पट्टा तारलीच्या थव्याचा असू शकतो, बोटभर लांबीच्या लँटर्नफिशचा असू शकतो, किंवा अंगात वायूचा छोटा फुगा बाळगणाऱ्या जेलीसारख्या प्राण्यांचाही असू शकतो. इथून आवाज परत आला, एवढंच पडदा सांगतो. तो कोणाच्या अंगावरून परत आला, हे कळायला जाळं टाकावं लागतं. आणि नुसती जाळी टाकत फिरलं, तर अथांग पाण्यात सुईची टोकं टोचल्यासारखं होतं. म्हणून मत्स्यसाठ्याच्या सर्वेक्षणात ही दोन्ही साधनं जोडीनं चालतात.

१९३५ साली नॉर्वेच्या ऑस्कर सुंड यांनी तिथल्या लोफोटेन बेटांजवळ अंडी घालायला जमलेल्या कॉड माशांचे प्रतिध्वनी कागदावर उमटवून प्रसिद्ध केले. आज उपकरणं कितीतरी पुढे गेली आहेत, पण कामाचा क्रम फारसा बदललेला नाही. तो इथे पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडतो. जिथे चूक केली तर सगळी फेरी वाया जाते, तिथे जास्त रेंगाळणार आहे.

आधी प्रश्न पक्का करा

कोणत्या माशाचा साठा मोजायचा, कोणत्या क्षेत्रात आणि कशासाठी, हे एका कागदावर लिहून काढा. पाण्याच्या मधल्या थरात थव्यानं राहणारे मासे (तारली, हेरिंग, अँकोव्ही) ध्वनीनं चांगले मोजता येतात. तळाला चिकटून राहणारे चपटे मासे आणि कोळंबी ध्वनीला जवळजवळ दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी तळाचं ट्रॉल, म्हणजे जहाजामागे तळावरून ओढायचं पिशवीसारखं जाळं हवं.

दुसरा निर्णय असा: एकूण साठा टनांत हवा आहे, की गेल्या वर्षीपेक्षा वाढला की घटला एवढं कळलं तरी चालेल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त भरवशाचं मिळतं. मात्र त्यासाठी दरवर्षी तोच हंगाम, तेच जाळं, तोच वेग आणि त्याच रेघा ठेवाव्या लागतात. माझा आग्रह असतो की आखणी करताना एकूण टनांचा मोह ठेवू नये, तुलनेचा विचार करून आखावं. टन त्यातून आपोआप निघतात, पण उलटं होत नाही.

रेघांची आखणी

जहाज ज्या सरळ मार्गांवरून साउंडर चालू ठेवून जातं, त्यांना आम्ही रेघा म्हणतो. रेघा किनाऱ्याला समांतर काढू नयेत. खोलीच्या उताराला आडव्या, म्हणजे उथळ पाण्याकडून खोल पाण्याकडे जाणाऱ्या काढाव्यात. खोलीबरोबर मासे झपाट्यानं बदलतात आणि प्रत्येक रेघेनं तो सगळा बदल ओलांडला पाहिजे. रेघांमधलं अंतर सारखं ठेवा, पण पहिली रेघ कुठून सुरू होणार ते चिठ्ठी टाकून ठरवा. नागमोडी मार्गानं वळणांचा वेळ वाचतो, पण कोपऱ्यांजवळचं पाणी दोनदा पाहिलं जातं. क्षेत्र चिंचोळं असेल तरच तो पत्करावा.

किती रेघा पुरेत? त्याचा एक सोपा ठोकताळा आहे. सगळ्या रेघांची मिळून लांबी सागरी मैलांत घ्या आणि तिला क्षेत्रफळाच्या वर्गमुळानं भागा. समजा क्षेत्र ३,६०० चौरस सागरी मैल आहे, तर वर्गमूळ ६०. रेघांची एकूण लांबी ४८० मैल असेल तर भागाकार ८ येतो. सहाच्या खाली गेलात तर अंदाजातली अनिश्चितता फार वाढते.

आता वेळेचा हिशेब करा. दहा नॉट (तासाला दहा सागरी मैल) वेगानं ४८० मैल म्हणजे ४८ तास. पण काम फक्त दिवसा करायचं असेल आणि रोज दोन वेळा जाळं टाकायचं असेल, तर बारा तासांतले चार तास जाळ्यात जातात आणि दिवसाला ८० मैलच होतात. म्हणजे सहा दिवस, त्यावर वादळवाऱ्यासाठी निदान दीड दिवस. हा हिशेब बंदरात करायचा असतो. समुद्रावर केला की रेघा कापल्या जातात, आणि त्याही नेमक्या लांबच्या टोकाकडच्या.

मासे स्थलांतर करत असतील तर जहाजाची दिशा त्यांच्या दिशेशी ताडून पाहा. त्यांच्याच दिशेनं रेघ-रेघ पुढे सरकलात तर तेच थवे पुन्हा पुन्हा मोजले जातात.

ही सगळी काळजी कशासाठी, तेही पाहा. नेहमीच्या ७ अंश रुंदीच्या ध्वनिशलाकेखाली (साउंडरच्या आवाजाच्या झोताखाली) १०० मीटर खोलीवर जेमतेम १२ मीटरची पट्टी येते. वरच्या उदाहरणात दोन रेघांमध्ये साडेसात मैलांचं अंतर आहे. हजारात एक भागही पाणी आपण प्रत्यक्ष पाहत नाही. उरलेल्याचा अंदाज आखणीच्या भरवशावर बांधायचा असतो.

साउंडर तोलून घेणं

सर्वेक्षणाची पहिली रेघ सुरू होण्याआधी कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या प्रतिध्वनीशी साउंडर ताडून घेणं, झालंच पाहिजे. यात तडजोड नाही. तराजू तोलून न घेता माल मोजण्यासारखंच ते आहे.

जहाज शांत, आडोशाच्या पाण्यात नांगरा. खाली निदान तीसेक मीटर पाणी असावं आणि प्रवाह मंद असावा. ३८ किलोहर्ट्‌झ वारंवारतेच्या आवाजासाठी टंगस्टन कार्बाइडचा ३८.१ मिलिमीटर व्यासाचा गोळा वापरतात. त्याचा प्रतिध्वनी किती यायला हवा ते गणितानं माहीत आहे: सुमारे उणे ४२ डेसिबल (आवाजाच्या जोराचं लॉगवर आधारलेलं माप). जहाजाच्या दोन्ही कडांवरून तीन नायलॉन तंगूस सोडून त्यांच्या मधोमध हा गोळा ट्रान्सड्यूसरच्या (जहाजाच्या बुडाशी बसवलेल्या, आवाज सोडणाऱ्या आणि ऐकणाऱ्या भागाच्या) खाली पंधरा-वीस मीटरवर लोंबता ठेवायचा असतो. पाण्यात सोडण्याआधी तो साबणाच्या पाण्यात बुडवून काढा. पृष्ठभागाला चिकटलेला एक बारीक बुडबुडाही आकडा बिघडवतो. तंगुसाची गाठ शक्य तितकी बारीक ठेवा.

मग तीन माणसं तीन तंगूस सेंटिमीटर-सेंटिमीटरनं ओढत-सोडत गोळा शलाकेच्या चारही बाजूंना फिरवतात आणि चौथा पडद्यावरून सांगतो: "डावीकडे… थांबा… पुढे थोडं…" यात दोन-तीन तास सहज जातात, कधी अख्खा दिवस. या कामाला घाई करणाऱ्या माणसाला मी कधीच कडेवर उभं करत नाही. त्याच जागी पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजून ध्वनीचा वेग काढा. तो साधारण सेकंदाला १,५०० मीटर असतो, पण कोमट पाण्यात वाढतो आणि थंड पाण्यात घटतो.

चूक किती महागात पडते? अर्ध्या डेसिबलची चूक म्हणजे साठ्यात सुमारे १२ टक्क्यांचा फरक. तीन डेसिबल चुकलं तर साठा दुप्पट किंवा निम्मा. आणखी एक गोष्ट: कॅलिब्रेशन ज्या स्पंदलांबीला (आवाजाचा एक ठोका किती वेळ टिकतो त्याला) आणि ज्या शक्तीला केलं, तिलाच ते लागू असतं. आमच्या एका फेरीत रात्री कुणीतरी पडदा स्पष्ट दिसावा म्हणून स्पंद एक मिलिसेकंदाचा अर्धा केला. नोंद केली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी लक्षात आलं तेव्हा जवळपास साठ मैलांची रेघ पुन्हा चालावी लागली. तेव्हापासून सेटिंगचा कागद साउंडरच्या शेजारी चिकटवलेला असतो आणि पहारा बदलताना दोघं मिळून तो पडद्याशी ताडून पाहतात.

रेघेवर चालताना

वेग साधारण आठ ते दहा नॉट ठेवा. जास्त वेगात पंख्याचा आवाज वाढतो आणि दूरचे क्षीण प्रतिध्वनी त्यात बुडतात. जहाजावरची इतर सोनार (पाण्यात आवाज सोडणारी उपकरणं) बंद ठेवा किंवा साउंडरशी जुळवून घ्या. समुद्र खवळला की जहाजाच्या बुडाखाली बुडबुड्यांचा थर येतो, आवाज जाता-येता त्यात मुरतो आणि मासे असूनही कमी दिसतात. पडद्यावर उभे पांढरे पट्टे वारंवार दिसायला लागले की थांबायची वेळ झाली. त्या हवामानात मिळालेले आकडे नंतर कुठल्याच गणितानं नीट होत नाहीत.

एकच वारंवारता पुरत नाही. ३८ किलोहर्ट्‌झ खोलवर पोहोचते आणि मासे मोजण्याचा मुख्य आधार तीच असते. १२० किंवा २०० किलोहर्ट्‌झ उथळच पोहोचतात, पण प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) त्यांना जास्त ठळक दिसतं. दोन पडदे शेजारी ठेवले की मासा कुठला आणि क्रिलचा, म्हणजे कोळंबीसारख्या लहान जिवांचा थर कुठला, याचा पुष्कळ उलगडा होतो.

दिवस की रात्र, हे माशाच्या सवयीवर ठरवा. बरेच लहान मासे दिवसा दाट थव्यात राहतात आणि रात्री वर येऊन विखुरतात. वरच्या आठ-दहा मीटरमध्ये गेलेले मासे ट्रान्सड्यूसरच्या वर किंवा अगदी जवळ असतात, त्यामुळे मोजणीतून सुटतात. काहीही ठरवा, पण एकाच सर्वेक्षणात दोन्ही मिसळू नका.

दर मैलाला वहीत वेळ, स्थान, खोली, वारा आणि पडद्यावर काय दिसलं ते दोन शब्दांत लिहा. "तळापासून दहा मीटर वर, खांबासारखे छोटे थवे" एवढी नोंद दोन महिन्यांनी सोन्याची ठरते.

जाळं कधी टाकायचं

पडद्यावरच्या खुणा बदलल्या की जाळं टाकायचं. थवे मोठे झाले, खोली बदलली, पट्ट्याचा रंग किंवा पोत बदलला की थांबा. सारख्याच खुणा दीर्घकाळ चालू असल्या तरी मधूनमधून टाका, कारण खुणा तशाच राहून जात बदलू शकते. फक्त गडद, मोहात पाडणाऱ्या खुणांवरच जाळं टाकण्याची सवय लागते. ती मोडा. फिक्या, पसरट थरात काय आहे हेही कळायला हवं.

मधल्या थरासाठी मध्यजल ट्रॉल तीन-चार नॉट वेगानं ओढतात. जाळ्याच्या तोंडावर नेटसाउंडर बसवलेला असावा. तोंड किती उघडलं आहे, कोणत्या खोलीवर आहे आणि मासे आत शिरताहेत की खालून निसटताहेत, हे त्याच्यावर दिसतं. कॉडएंडला, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला, आतून बारीक आसाचं (छिद्रांचं) अस्तर लावा, सुमारे २० मिलिमीटरचं. धंद्याच्या जाळ्यातून लहान मासे निसटावेत अशी अपेक्षा असते. सर्वेक्षणात तेच हवे असतात, पुढच्या वर्षीचा साठा त्यांच्यातच असतो.

जाळं रिकामं आलं तर ते अपयश समजू नका. वेळ, जागा, खोली लिहा आणि वजनाच्या रकान्यात शून्य लिहा. रकाना कोरा सोडला तर वर्षभरानं कुणालाच सांगता येत नाही की मासे नव्हते, की जाळं फाटलं होतं, की लिहायचं राहिलं.

डेकवर

जाळं वर आलं, गाठ सुटली, डेकवर मासळीचा ढीग पडला. आता दोन तासांत जे होतं त्यावर पुढचं सगळं गणित उभं राहतं.

आधी एकूण वजन. मग मोठे आणि दुर्मिळ मासे वेगळे काढून ते सगळे मोजा. उरलेला ढीग मोठा असेल तर सगळा निवडणं शक्य नसतं, म्हणून नमुना घ्यावा लागतो. हात घालून घेऊ नका. हात नकळत मोठ्या, चकचकीत माशाकडे जातो. फावड्यानं ढिगाच्या वरून, मधून आणि तळातून टोपल्या भरा आणि ठरवून दर पाचवी टोपली बाजूला ठेवा. लहान-मोठे मासे ढिगात सारखे मिसळलेले नसतात, हेही लक्षात असू द्या. नमुन्याचं वजन आणि ढिगाचं वजन दोन्ही लिहा. नमुना ४० किलो आणि ढीग ६०० किलो असेल, तर नमुन्यातला प्रत्येक आकडा पंधरानं गुणायचा आहे. नमुन्यातली एक चूक पुढे पंधरा चुका होते.

जातवार निवड झाली की प्रत्येक मुख्य जातीचे शंभर ते दोनशे मासे मोजपट्टीवर ठेवा. नाक पट्टीच्या उभ्या फळीला टेकलं पाहिजे, तोंड मिटलेलं हवं. लांबी शेपटीच्या टोकापर्यंत घेता की खाचेपर्यंत, हे फेरीभर एकच ठेवा आणि नोंदपत्रकाच्या डोक्यावर लिहा. एकानं मोजायचं, दुसऱ्यानं तो आकडा मोठ्यानं परत म्हणत लिहायचा. ओल्या हातांनी, पेन्सिलीनं, न भिजणाऱ्या कागदावर. शाई पसरते. प्रत्येक लांबीगटातले काही मासे वेगळे तोलून लिंग आणि पक्वता नोंदवा, आणि वय ठरवण्यासाठी कानातले खडे काढून पाकिटात ठेवा.

पडदा वाचणं

आता नोंदलेला प्रतिध्वनी मैलामैलानं तपासायचा. पहिलं काम तळरेषेचं, म्हणजे समुद्राचा तळ कुठे आहे ते दाखवणाऱ्या रेषेचं. संगणकानं ओढलेली रेषा एखाद्या खडकावर चुकते आणि तळाचा थोडासा प्रतिध्वनी माशांत मोजला जातो. तळ माशांपेक्षा इतका जोरात परततो की अशा एका स्पंदानं अख्ख्या मैलाचा आकडा फुगतो. म्हणून रेषा हातानं सुधारा आणि निदान अर्धा मीटर वर उचला. याची किंमतही ओळखा: तळालगतचा साधारण मीटरभराचा थर साउंडरला दिसतच नाही. तिथल्या माशांचा विचार तळट्रॉलवरून करावा लागतो.

मग प्लवकाचे थर, बुडबुडे, इतर सोनारचे ठिपके काढून टाका आणि उरलेला प्रतिध्वनी जवळच्या जाळ्यांतल्या जातींमध्ये वाटा. शक्य तिथे दोघांनी स्वतंत्रपणे वाचावं आणि मग ताडून पाहावं. मतभेद होतो तिथेच खरी अनिश्चितता असते. ती खोडू नका, लिहून ठेवा.

प्रतिध्वनीपासून टनांपर्यंत

एका माशाचा प्रतिध्वनी किती जोरदार, याला टार्गेट स्ट्रेंथ म्हणतात. हवेची पिशवी, म्हणजे वाताशय असलेल्या माशात नव्वद टक्क्यांहून जास्त आवाज त्या पिशवीवरूनच परततो. म्हणून अटलांटिकमधला मॅकरेल, ज्याला वाताशयच नाही, ३८ किलोहर्ट्‌झवर फार फिका दिसतो.

हेरिंग-तारलीच्या कुळासाठी प्रचलित सूत्र असं: सेंटिमीटरमधल्या लांबीचा लॉग काढा, त्याला २० नं गुणा आणि ७१.९ वजा करा. १६ सेंटिमीटरच्या माशाला उणे ४७.८ डेसिबल येतात. हा डेसिबलचा आकडा आवाज परतवणाऱ्या कल्पित क्षेत्रफळात बदलला की एका माशाचा वाटा सुमारे ०.०००२०८ चौरस मीटर. समजा एका भागात साउंडरनं दर चौरस सागरी मैलाला ५०० चौरस मीटर इतका एकत्रित प्रतिध्वनी दिला. ५०० ला ०.०००२०८ नं भागा: सुमारे २४ लाख मासे. प्रत्येकी ४० ग्रॅम धरले तर दर चौरस सागरी मैलाला ९६ टन.

कॉडच्या कुळासाठी त्याच सूत्रात ७१.९ ऐवजी ६७.५ असतात. जाळं न टाकता जात चुकीची ओळखली आणि हा दुसरा आकडा लावला, तर तोच प्रतिध्वनी जवळजवळ पावणेतीनपट कमी मासे दाखवतो. जाळ्याचं महत्त्व इथे आकड्यांत दिसतं.

एक चूक मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे: डेसिबलची सरासरी काढणं. २० सेंटिमीटरचा मासा १० सेंटिमीटरच्या माशाच्या चौपट प्रतिध्वनी देतो. म्हणून प्रत्येक लांबीगटाचं आधी क्षेत्रफळ काढा, त्याची सरासरी घ्या, आणि गरज असेल तरच शेवटी डेसिबलमध्ये परत या. अनिश्चितता काढताना एक मैल हा एक नमुना धरू नका. शेजारचे मैल एकमेकांसारखे असतात. अख्खी रेघ हा एक नमुना धरा.

तळाच्या माशांचा हिशेब

तळट्रॉलनं झाडलेल्या, म्हणजे जाळं ज्यावरून ओढलं गेलं त्या क्षेत्रावरून साठा काढतात. क्षेत्र उथळ-खोल पट्ट्यांत विभागा आणि प्रत्येक पट्ट्यात ओढींच्या जागा चिठ्ठीनं ठरवा. ओढ तीस मिनिटांची, वेग तीन नॉट. म्हणजे अंतर २.७८ किलोमीटर. जाळ्याच्या तोंडाचा वरचा दोर ३६ मीटरचा असेल आणि ओढताना त्याच्या निम्मी रुंदी उघडते असं धरलं, तर १८ मीटर. (सेन्सर असतील तर प्रत्यक्ष रुंदीच घ्या.) झाडलेलं क्षेत्र ०.०५ चौरस किलोमीटर. त्यात ७५ किलो मासळी आली, तर दर चौरस किलोमीटरला दीड टन. पट्टा २,००० चौरस किलोमीटरचा असेल तर ३,००० टन.

यात गृहीत धरलं की जाळ्यासमोरचा प्रत्येक मासा पकडला गेला. निम्मे निसटतात असं धरलं तर साठा ६,००० टन होतो. कोणता गुणक घेतला ते सांगितल्याशिवाय असा आकडा कधीही देऊ नका. वेळ मोजताना जाळं तळाला टेकल्यापासून तळ सोडेपर्यंतचीच मोजा, विंच (जाळं ओढणारं यंत्र) फिरायला लागल्यापासूनची नाही.

खडकाळ तळावर ट्रॉल फाटतं. तिथे वेगवेगळ्या आसांची गळजाळी (माशांचे कल्ले अडकतात अशी जाळी), लांबदोरी (अनेक गळ लावलेली दोरी) किंवा सापळे ठरावीक तास लावून दर संचामागे किती मिळालं ते नोंदवा. त्यातून टन निघत नाहीत, पण वर्षावर्षांची तुलना नीट होते.

अहवाल लिहिताना

साठ्याच्या आकड्यासोबत अनिश्चितता, कॅलिब्रेशनची तारीख आणि निकाल, वापरलेलं सूत्र, ओढींचा नकाशा (शून्य आलेल्या ओढींसकट) आणि न चाललेल्या रेघा द्या. साउंडरच्या मूळ फाइली दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा. माशाच्या टार्गेट स्ट्रेंथचं सूत्र पुढे सुधारलं, तर त्या फाइलींवरून जुन्या वर्षांचे आकडे पुन्हा काढता येतात. ज्या मच्छीमारांनी आपली जाळी बाजूला घेऊन जहाजाला रेघ चालू दिली, त्यांना त्यांच्या पाण्यात काय आढळलं ते त्यांच्या भाषेत, नकाशासह, हंगाम सुरू होण्याआधी कळवा.